एका कढईचा धंदा आणि तीनशे ऑर्डरी

घरी करून विकल्या जाणाऱ्या कांदा-लसूण मसाल्याची रील चालते ती बहुतेक वेळा भाजणीमुळे. लालभडक मिरची, खोबऱ्याचा पालटणारा रंग, कढईवरचा धूर. बघणाऱ्याला वाटतं, एवढी मोठी कढई आहे म्हणजे माल पडूनच असणार. इकडे घरात गेल्या घाण्यातले चार-सहा पुडे उरलेले असतात आणि फोनवर "ताई, दोन किलो पाठवा", "काकू, जीपे नंबर द्या" यांची रांग लागते.

रील चालली त्या पहिल्या संध्याकाळी करायचं काम एकच: पैसे घेणं बंद. नावं लिहून घ्या, पैसे नकोत. नुसतं नाव घेतलं तर तो माणूस वाट बघतो. पैसे घेतले की तो हिशेब मागतो, आणि तोही रोज. बायोमधला क्यूआर काढायचा आणि ज्या रीलवर गर्दी आहे तिच्याखाली एक कमेंट पिन करायची: ऑर्डर यादीने घेतली जाईल. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा संदेश असतो, त्यात एवढंच लिहायचं:

"नमस्कार. मसाला घाण्याघाण्याने होतो, म्हणून आत्ता पैसे घेत नाही. नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, मोबाइल आणि किती पुडे (जास्तीत जास्त दोन) ते पाठवा. तुमची पाळी आली की मी कळवेन, तेव्हाच पैसे पाठवायचे. पैसे आल्यापासून पाच दिवसांत पार्सल निघेल."

दोन पुड्यांची मर्यादा घालायलाच हवी. नाहीतर पहिले वीस जण मिळून सगळा माल उचलतात आणि त्यातले निम्मे घाऊक भाव मागतात. घाऊकवाल्यांना सरळ सांगावं की महिन्याभराने बोलू. खरा गिऱ्हाईक असेल तो महिन्याने फोन करतोच.

आता गणित. किलोभर मिरचीला माझं प्रमाण असं आहे: ब्याडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ३००, लवंगी २००. त्याला धने २५० ग्रॅम, सुकं खोबरं २५०, तीळ १००, कांदा ५००, लसूण २५०, मीठ १५०, तेल १५० आणि सगळा खडा मसाला मिळून दीडशेच्या आसपास. देठं, कांद्यातलं पाणी, भाजणीतली आणि कांडपातली घट वजा जाता यातून साधारण दोन किलो मसाला हाती येतो. म्हणजे अडीच किलो मिरचीचा एक घाणा पाच किलोंचा. एकटीने एका दिवसात नीट भाजून होतात ते तीन घाणे, पंधरा किलो. दुसऱ्या दिवशी कांडप आणि रात्रभर पसरून गार करणं. तिसऱ्या दिवशी पॅकिंग. आठवड्यात असे दोन फेरे बसतात, तीस किलो. ४०० ग्रॅमचे पुडे केले तर ७५. तीनशे नावांना प्रत्येकी एकच पुडा धरला तरी चार आठवडे लागतात. हा आकडा काढल्याशिवाय कुणालाही तारीख देऊ नये. "दोन-तीन दिवसांत पाठवते" हे वाक्य तोंडात इतकं बसलेलं असतं की ते आपण न मोजताच बोलून जातो.

गर्दीत सगळ्यांच्या मनात येतं की घाणा दुप्पट करू. कढई दुप्पट भरली तरी जाळ तेवढाच राहतो. खोबरं थरात राहतं, तळाचं करपतं, वरचं पांढरं राहतं. कांदा तळला न जाता आपल्याच वाफेत शिजतो आणि मऊ राहतो. मऊ कांदा मसाल्यात गेला की पंधरा दिवसांत गुठळी, महिन्यात कुबट वास. मिरची जास्त घातली तर खालची काळी पडेपर्यंत वरची गरमही होत नाही, आणि काळी पडलेली मूठभर मिरची सगळा घाणा कडू करते. मोठ्या मापावर करायचंच असेल तर शेगड्या वाढवाव्यात, कढई नव्हे. दोन शेगड्या, दोन मध्यम कढया, एकीत मिरची आणि दुसरीत बाकीचं. खडा मसाला तर पावपाव किलोनेच भाजावा. नागकेशर आणि दगडफूल लवकर होतं, हळकुंड आणि सुंठ उशिरा. एकत्र टाकलं तर एक कच्चं राहतं आणि दुसऱ्याचा कोळसा होतो.

पण खरी अडचण भाजणीत नसतेच. ती असते वाळवणात आणि गार करण्यात. ही दोन्ही कामं माणूस लावून लवकर होत नाहीत, त्यामुळे तारीख इथूनच ठरते. एप्रिलच्या उन्हात मिरचीला दोन दिवस पुरतात. हलवली की बी खुळखुळलं पाहिजे आणि मोडली की कट्टकन आवाज आला पाहिजे. कांद्याच्या पातळ चकत्यांना तीन दिवस. रील मात्र ऊन बघून चालत नाही. जुलैत चालली तर मिरची मंद आचेवर थोडी थोडी कोरडी शेकावी लागते, आणि कांदा एकतर थेट तेलात कुरकुरीत तळायचा किंवा ट्रे ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंशांवर सहा-आठ तास ठेवायचा. बचत गटांकडे, फळप्रक्रियावाल्यांकडे असे ड्रायर असतात आणि भाड्याने मिळतात. पावसाळ्यात मिरची बहुधा शीतगृहातली मिळते. ती हाताला मऊ लागते, कारण बाहेर आल्यावर तिने दमट हवा ओढलेली असते. वाळवल्यावर वजनात घट जास्त येते. ती घट आधी एका किलोवर वजन करून काढायची आणि मगच खरेदी करायची. मोडून आत बघावं, पांढरी-काळी बुरशी दिसली तर ते पोतं घ्यायचंच नाही, कितीही स्वस्त असो.

घाईत तयार मिरचीपूड घ्यायचा मोह होतो. रंग टिकत नाही, तिखटपणा दर पोत्याला बदलतो आणि भेसळीचा रंग आहे की नाही हे घरी कळत नाही. रील बघून आलेला माणूस आपल्या हातची चव म्हणून पैसे देतो. त्याला बाजारची पूड देण्यापेक्षा महिनाभर थांबायला सांगणं स्वस्त पडतं.

कांडपाला डंक, म्हणजे मुसळासारखं कुटणारं यंत्र, बरा. वेळ जास्त घेतो, पण माल फार तापत नाही. जोरात फिरणाऱ्या चक्कीतून मसाला हाताला चटका बसेल इतका गरम निघतो आणि जो वास पुड्यात राहायला हवा तो गिरणीतच दरवळून जातो. एप्रिल-मेमध्ये गिरणीत रांग असते, तेव्हा गिरणीवाल्याशी आठवड्याचे दोन दिवस आणि वेळ पक्की करून घ्यावी, सकाळी उघडल्याबरोबरची. आदल्या गिऱ्हाइकाची हळद किंवा मिरची यंत्रात राहिलेली असते. म्हणून आधी मूठ-दोन मुठी धने घालून काढायचे आणि ती पूड बाजूला टाकायची.

घरी आणलेला मसाला सुती कापडावर दोन बोटं जाडीच्या थरात पसरायचा. वरून गार लागला म्हणजे गार झाला असं नाही. ढिगाच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून बघायचं. कोमटपणा लागला तर पुन्हा उलथायचा. असा कोमट मसाला पुड्यात भरला की दुसऱ्या दिवशी पुड्याला आतून दव धरतं, बारीक थेंब दिसतात. ते दिसले की तो पुडा पाठवायचा नाही, फोडून पुन्हा पसरायचा. बुरशीची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

मदतीला माणसं घ्यावीत, पण काम वाटताना भेद करावा. देठं खुडणं, लसूण सोलणं, कांदा चिरणं, दगडफूल निवडणं ही कामं शेजारच्या बायकांना किलोवर द्यावीत, रोजावर नव्हे. किलोवर दिलं की त्या आपल्या घरी, आपल्या वेळेत करतात आणि आपल्या ओट्यावर गर्दी होत नाही. देठं खुडणाऱ्यांना हातमोजे द्यावेत. मोजे नसतील तर आधी हाताला तेल लावावं, कारण मिरचीची आग पाण्याने जात नाही, तेलाने उतरते. भाजणी आणि मीठ-मसाल्याचं वजन मात्र आपल्याच हातात ठेवायचं. प्रत्येक घाण्याला क्रमांक द्यायचा, तो पुड्यावर लिहायचा आणि त्यातला एक छोटा पुडा घरात ठेवून द्यायचा. कुणी म्हणालं "ह्यावेळी खारट लागला", तर तोच घाणा उघडून चाखता येतो. नाहीतर फोनवर नुसती माफी मागत बसावं लागतं.

पुडा ४०० ग्रॅमचाच का, हे बरेच जण विचारतात. कुरिअरचा दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने चढतो. अर्धा किलो मसाला, पुडा, बाहेरचा खोका आणि टेप मिळून वजन सहाशेच्या आसपास जातं आणि एक किलोचा दर लागतो. ४०० ग्रॅमला सगळं मिळून पाचशेच्या आत बसतं. खोकाही अंगाबरोबरचा हवा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागलं की कुरिअरच्या लेखी वजन येतं. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे पडतात. २० × १५ × १० चा खोका ६०० ग्रॅम धरला जातो, आत मसाला कितीही असो. १८ × १३ × १० चा ४६८ वर येतो. हा फरक एका पार्सलला किरकोळ वाटतो, तीनशेला मिरचीचं पोतं होतं.

पुडा जाड, आतून चंदेरी, झिपचा घ्यावा आणि झिपच्या वर सीलही करावं. मसाला तेलकट असतो. भरताना तोंडाला थोडी जरी पूड लागली तरी सील धरल्यासारखं दिसतं आणि वाटेत सुटतं. रुंद तोंडाचं नरसाळं वापरायचं, तोंड कोरड्या फडक्याने पुसायचं, आतली हवा दाबून काढायची आणि मगच सील करायचं. हवा राहिली तर पोत्याखाली पुडा फुग्यासारखा फुटतो. साधा हॅण्ड सीलर सलग चालवला की तापतो आणि पुडा वितळवायला लागतो. वीस-पंचवीस पुड्यांनंतर त्याला विश्रांती द्यावी. इंकजेटवर छापलेलं लेबल तेलाच्या बोटाने पसरतं, लेझरचं टिकतं. वजन, सील, लेबल, खोका, पत्ता असं एका पार्सलला चार-पाच मिनिटं जातात. तासाला बारा धरा, पंधरा नको.

यादी वहीत ठेवली तर शंभराच्या पुढे हरवते. मोबाइलवरची गुगल शीट पुरे: क्रमांक, नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड, पुडे, पैसे आल्याची तारीख, व्यवहार क्रमांक, घाणा क्रमांक, ट्रॅकिंग क्रमांक. स्पीड पोस्टचा ट्रॅकिंग क्रमांक १३ अक्षरांचा असतो. तो हाताने न लिहिता पावतीचा फोटो काढून त्यावरून उतरवावा. पिनकोडचा स्तंभ वेगळा ठेवण्याचं कारण पुढे येतं.

पैशांचं. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. जुना किंवा बनवलेला स्क्रीनशॉट पाठवणारे गर्दीत हमखास निघतात. बँकेच्या खात्यात रक्कम दिसली आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक जुळला की मगच शीटमध्ये "आले" लिहायचं. "चुकून जास्त पाठवले, परत करा" असा फोन आला तर आधी खातं बघायचं. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, आणि जो टाकायला सांगतो तो चोर. रील चालली की तीच रील उचलून दुसरं खातं उघडणारे येतात, फक्त क्यूआर त्यांचा असतो. म्हणून नंबर व्हिडिओवरच मोठ्या अक्षरांत टाकून ठेवावा, आणि कुणी फसला तर त्याला ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगावं. धंद्याला चालू खातं वेगळं काढावं. घरच्या बचत खात्यात आठवड्याला पन्नास-शंभर छोट्या रकमा आल्या की पुढे हिशेब लावताना डोकं फिरतं. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमा बघून छोट्या दुकानदारांना करखात्याच्या नोटिसा गेल्या होत्या, तेव्हा "रोख नाही, म्हणून दिसत नाही" हा समज तसाही निकालात निघाला आहे. घरपोच पैसे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, एकटीच्या धंद्यात नकोच. पार्सल नाकारलं तर जायचा-यायचा खर्च आपला आणि मसाला तीन आठवडे कुठल्या गोदामात तापला ते कळत नाही. परत आलेला पुडा पुन्हा विकायचा नाही.

आता पिनकोड. महाराष्ट्राच्या आत विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण परराज्यात करपात्र माल विकायचा तर पहिल्या पुड्यापासून नोंदणी लागते, आणि मिश्र मसाला करपात्र आहे, ५ टक्के. रील महाराष्ट्रात थांबत नाही. कोल्हापूरच्या माणसाला कागलच्या पलीकडचं निपाणी आपलंच वाटतं, पण जीएसटीच्या लेखी ते परराज्य. बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा इथल्या मराठी घरांतून ऑर्डरी येणारच. पिनकोड ४० ते ४४ ने सुरू झाला तर महाराष्ट्र, अपवाद ४०३, तो गोवा. ४५ ते ४८ मध्य प्रदेश, ४९ छत्तीसगड. शीटमध्ये पिनकोडने क्रम लावला की दोन मिनिटांत दोन गठ्ठे वेगळे होतात. नोंदणी होईपर्यंत परराज्यवाल्यांना थांबवावं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या पद्धतीत, जाऊ नका, त्यात परराज्यात विकता येत नाही. परदेशातल्यांना मी सरळ सांगते की पुण्या-मुंबईत नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे पाठवते. तिकडे जाणारे आईवडील बॅगेत मसाला नेतातच.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी रीलच्या आधीच असायला हवी. नसेल तर रील चालू असतानाच अर्ज करा आणि हातात येईपर्यंत विक्री बंद ठेवा. १४ आकडी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. सोबत घटकपदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, घाणा क्रमांक, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावा, पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि शाकाहारी असल्याची हिरवी खूण. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, म्हणजे मिरची आधी. नोंदणी त्या जागेची असते. गर्दीत काम मावशीच्या रिकाम्या हॉलमध्ये हलवलं तर ती जागा नोंदणीत नसते, हे ध्यानात ठेवावं. उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपलीकडे जायला लागली की परवाना काढावा लागतो. वजनकाटाही वैधमापन विभागाचा शिक्का असलेला हवा.

भाव वाढवायचा का? घेतलेल्या नावांना जुनाच भाव द्यावा, नव्या यादीला नवा. मात्र नवा भाव काढताना मजुरी, पुडा, लेबल, खोका आणि आपले स्वतःचे तासही धरावेत. एकटीच्या धंद्यात ते तास कुणीच धरत नाही. कुरिअर वेगळं सांगावं, "फ्री डिलिव्हरी" म्हणू नये. नागपूरचा आणि साताऱ्याचा खर्च एक नसतो. "बाजारात निम्म्या भावात मिळतो" अशी कमेंट येतेच. तिला उत्तर देण्यात वेळ घालवू नये, तेवढ्यात एक पार्सल होतं.

यादी संपेपर्यंत नवी रील टाकायची नाही. ही गोष्ट सगळ्यात जड जाते, कारण सगळे उलटाच सल्ला देतात. पाळी आलेल्या माणसाने दोन दिवसांत पैसे पाठवले नाहीत तर पुढच्याला कळवायचं. बरीच नावं इथेच गळतात. उत्साह तीन आठवड्यांत ओसरतो, म्हणून त्याच आठवड्यात पल्व्हरायझर (दळायचं मोठं यंत्र) घ्यायचा किंवा गाळा भाड्याने घ्यायचा विचार लांब ठेवावा. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत २०२५-२६ पर्यंत यंत्राला ३५ टक्के अनुदान ठेवलेलं होतं, कमाल १० लाख. पण असं अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, आणि हप्ता रील बघून येत नाही.

शीटमध्ये शेवटी एक स्तंभ घालावा: दुसऱ्यांदा मागवलं का. साधारण दोन-अडीच महिन्यांनी, ४०० ग्रॅम संपले की, तो भरायला लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गडहिंग्लजच्या बाजारात नवी मिरची येते तेव्हा खरेदी त्या स्तंभावरून करायची. समजा साठ नावं पुन्हा आली आणि घरटी वर्षाला दोन किलो धरला, तर १२० किलो मसाला, म्हणजे साठ किलो मिरची. त्यावर दहा किलो जास्तीची घ्यायची. कडक वाळवून, देठासकट, कोरड्या पत्र्याच्या डब्यांत हिंगाचे खडे घालून ठेवायची. देठ खुडून ठेवलेल्या मिरचीला पावसाळ्यात कीड आधी लागते.